बंद दारांचे फोटो

राज्यांची पुनर्रचना झाली आणि आमची नागपूरची कचेरी टेबलखुर्च्यांसकट भोपाळला आली. त्या फर्निचरात मीही होतो. स्वतःचा डबा कॅमेरा असलेला कारकून मी एकटाच, म्हणून साहेबांनी मला जुन्या शहरात पिटाळलं. नव्या रस्त्याच्या आड येणारी एक गल्ली पायी फिरायची, प्रत्येक दारावर खडूनं आकडा घालायचा, फोटो काढायचा. राहत्या घराला बदली जागा मिळणार होती. रिकाम्या घराला काही नाही.

गल्ली एवढी चिंचोळी, की घर फोटोच्या चौकटीत बसवायला समोरच्या भिंतीला शिडी लावून चढावं लागे. तिथला गवंडीसुद्धा उंचावर चढण्याआधी ओरडायचा, ‘पर्दा कर लो!’ म्हणजे बायका आत जात. ही रीत मला भलतीच आवडली. पहिल्याच दिवशी मी अशी खणखणीत आरोळी ठोकली, की धडाधड दारं लागली. अख्खी गल्ली एका आवाजात रिकामी! कुठल्या नटाला एवढा मान मिळतो?

सतरा नंबरच्या दाराआडून म्हातारा आवाज आला, “बाबू, धीरे! छत गिर जाएगी हमारी.”

“गिरानेवालेही तो आए हैं, अम्मा,” मी शिडीवरून म्हणालो. आत ती खदखदून हसली. मग दाराच्या फटीतून कपबशी बाहेर आली. बटव्यांवर जरीकाम करणारी एकटी विधवा होती. मला दिसली ती फक्त सुईनं टोचलेली बोटं. आठवडाभर मी ओरडायचो, ती टोमणा मारायची, चहा मिळायचा.

साहेबांनी फोटो पत्त्यांसारखे टेबलावर मांडले.

“बंद. बंद. हेही बंद. अहो, माणसं कुठायत?”

“आत आहेत, साहेब. मीच पाठवली.”

“मग रिकामी घरं म्हणूनच जाणार ही. चार दिवस देतो. माणूस दारात उभा करा.”

मी धावलो. घरोघरचे पुरुष दारात छाती काढून उभे राहिले. सतरा नंबरला पुरुष नव्हता. अम्मा बुरखा घालून उभी राहिली. फोटो फार सुरेख आला. साहेबांनी तो परत सरकवला.

“बुरख्यात कोण आहे? उद्या शेजारीण दहा दारांत उभी राहील. चेहरा हवा.”

मी दाराशी जाऊन सांगितलं. फटीतून दिसणारी बोटं सुई चालवतच राहिली.

“पूछकर बताऊँगी.”

“किससे, अम्मा?”

“खुद से.”

चौथ्या दिवशी कपबशी आली आणि मागून उत्तर आलं, “नहीं, बाबू.” मी विनवण्या केल्या, साहेबांची नक्कल करून हसवलं, शेवटी रडलोसुद्धा. साहेबांपुढे शपथेवर सांगितलं, की मी तिच्या हातचा चहा पितो. ते म्हणाले, “चहाचा फोटो आहे?”

घरं पाडायची सकाळ. बाकीचे बदली जागेकडे गेले होते. मजूर कुदळी घेऊन सतरा नंबरच्या छपरावर चढले. खाली मी कॅमेरा गळ्यात अडकवून उभा.

अम्मा बुरख्यात बाहेर आली, हातात बटव्यांचं गाठोडं. वर मजुरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळली.

“क्यों बाबू, आज आवाज नहीं लगाई?”