एका डब्यातले दोन निळे

श्री. सेतुमाधवराव यांच्याशी माझी ओळख भांडणातून झाली. कोल्हापूरच्या एका गॅरेजात हातोडी धरायला शिकून मी मद्रासला आलो आणि माउंट रोडवरच्या आमच्या मोटारबॉडीच्या कारखान्यात पत्रेखात्यात लागलो. पहिल्याच आठवड्यात एक चेपलेले मडगार्ड ठोकून सरळ केले आणि स्वतःवर खूश होऊन रंगखात्यात पाठवून दिले. थोड्या वेळाने पांढरेशुभ्र धोतर, वर खाकी कोट, कपाळावर अंगारा-अक्षता असे एक उंच गृहस्थ ते मडगार्ड एका माणसाच्या डोक्यावर देऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवला, एका जागी थांबवला आणि म्हणाले, "एथ खळगा अहे. रंग लाविलों की दिसेल. मग लोक मला हसतील, तुम्हाला नव्हे."

मद्रासच्या कारखान्यात कुणी मला मराठीत नावे ठेवील, असे स्वप्नातही वाटले नव्हते. ती मराठी तंजावरची होती, आमच्या पणजोबांच्या तोंडी शोभेल अशी, आणि चाल मात्र सगळी तमिळची. मी चिडलो आणि सुखावलोही. खळगा होताच. मडगार्ड परत ठोकले.

कारखान्यात त्यांना सगळे 'रायर' म्हणतात, आणि पुढे मीही तेच म्हणू लागलो. षष्ट्यब्दपूर्तीच्या या ग्रंथात त्यांच्याविषयी चार शब्द लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा पहिली अडचण अशी आली, की अशा लेखांतून सत्कारमूर्तींच्या नम्रतेचे गोडवे गायचे असतात. रायरांना नम्रता फारशी जमलेली नाही. "माझ्या रंगात तोंड पाहून भांग पाडावा," असे ते स्वतःच सांगतात आणि ते खरे असल्यामुळे ऐकणाऱ्याला गप्प बसावे लागते. खात्यात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांना कुणी काही सुचवलेले चालत नसे, आणि त्यांनी कुणाला काही विचारल्याचे कुणाला आठवत नसे.

पण ही ताठ मान वरच्यांपुढेही तशीच राही. ऐप्पसी-कार्तिकातल्या, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे पडणाऱ्या पावसात मद्रासची हवा ओली होते आणि त्या हवेत मारलेला रंग दुधाळतो. त्या दिवसांत रायर सकाळी मैलापूरच्या घरी गच्चीवर वाळत घातलेल्या धोतराला हात लावून बघत. धोतर दमट लागले की त्या दिवशी फवारणी बंद. एकदा एका बड्या आसामीच्या घरच्या लग्नाची गाडी रंगायला आली होती. मॅनेजरसाहेबांनी विनवले, रागावून पाहिले, शेवटी मालकांचा निरोप आणला. धोतर वाळले नाही आणि गाडी निघाली नाही. नवरदेव भाड्याच्या मोटारीतून गेला. महिनाभराने त्याच घरची दुसरी गाडी आमच्याकडे रंगायला आली, हेही सांगायला हवे.

त्यांचा जिव्हाळाही असाच, न बोलता केलेला. माझे बिऱ्हाड मैलापूरला त्यांच्याच गल्लीत त्यांनी लावून दिले. माझ्या पत्नीचे पहिले बाळंतपण मद्रासलाच झाले, तेव्हा तिच्यासाठी रायरांच्या घरून रोज डबा येई. सौ. पद्माबाई रांधत आणि रायर स्वतः घेऊन येत. माझी आई तेव्हा कोल्हापूरहून आली होती आणि रविवारी आमच्याकडे मटण शिजल्याशिवाय तिला रविवार वाटत नसे. रायर कर्मठ माध्व. रविवारी ते उंबऱ्याबाहेर उभे राहून डबा देत आणि सोमवारी आत येऊन बाळाला मांडीवर घेऊन बसत. कारण त्यांनी कधी सांगितले नाही, आम्ही कधी विचारले नाही. आई मात्र म्हणायची, "माणूस सोवळ्याचा हाय, पण मनाचा न्हाई."

आता ज्या गोष्टीसाठी मी लेखणी हाती घेतली, तिच्याकडे येतो.

एग्मोरच्या एका प्रसिद्ध सर्जनांची परदेशी गाडी आमच्याकडे आली. तिचा रंग आम्हा सगळ्यांनाच नवा होता. निळा, पण आत चांदीची झाक. त्या रंगात ॲल्युमिनियमचा चुरा मिसळलेला असतो. गाडीचे बॉनेट आभाळासारखे उजळ दिसे, दाराखालचा वाकलेला भाग गडद, आणि आपण चार पावले सरकलो की सगळे बदले. घडीघडीला रंग बदलणारी धूपछाव साडी असते, तसाच प्रकार. बैलगाडीच्या दांडीने या गाडीचे डावे दार फाटले होते. मी दाराला नवा पत्रा चढवला. कंपनीचा रंग बोटीने आला, एकच डबा. आयातीची परिस्थिती अशी, की दुसरा मिळेल याची खात्री नव्हती.

दार रंगवले कन्नियप्पनने. रंगखात्यातला हा सगळ्यात सफाईचा हात. आमच्याकडची पद्धत अशी, की दार गाडीवरून काढायचे, लाकडी घोड्यांवर आडवे ठेवायचे आणि मग फवारा मारायचा. मद्रासच्या उन्हाळ्यात उभ्या दारावरून रंग ओघळतो, आडव्यावरून ओघळत नाही. ही पद्धत रायरांनी घालून दिली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता.

दार बसवून गाडी आवारात उन्हात काढली आणि आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. समोरून पाहिले तर ते दार शेजारच्या पत्र्यापेक्षा उजळ, चांदीसारखे. डॉक्टर आले, त्यांनी पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "हा माझ्या गाडीचा रंग नाही." एवढे बोलून ते गेले.

मॅनेजरसाहेबांनी अर्थ काढला तो सरळ होता. परदेशी रंग बाहेर विकला गेला, दारावर गावठी मिश्रण बसले आणि डबा होता कन्नियप्पनच्या हातात. त्याला चोर ठरवून शनिवारी काढायचे ठरले. तो शिक्का बसला असता तर मद्रासमधल्या एकाही कारखान्याने त्याला दारात उभे केले नसते. घरात म्हातारी आई, बायको, तीन मुली. कन्नियप्पन खात्याच्या पायरीवर बसून राहिला.

याच सुमारास कारखान्याच्या सुपरिंटेंडेंटची जागा रिकामी व्हायची होती आणि ती रायरांचीच, हे सर्वांना माहीत होते. मॅनेजरसाहेब त्यांना म्हणाले, "तुम्ही यात पडू नका. नुसते गप्प राहा."

रायर त्या गाडीभोवती फिरत राहिले. समोरून, फाटकातून, मागून, उकिडवे बसून. देवळात प्रदक्षिणा चालली आहे, अशी कुणीतरी थट्टाही केली. मग ते माझ्याकडे आले. "जाधवराव, सरळ पाहिलों तर दार उजळ. फाटकांतून तिरपं पाहिलों तर तेंच दार काळवंडतें. रंगच दुसरा असता तर सगळीकडून एकसारखा चुकला असता. हा तसा चुकत नाही. मला एका पत्र्याचे दोन तुकडे द्या."

मी दिले. डब्याच्या तळाशी उरलेला रंग त्यांनी खरवडून पातळ केला. एक तुकडा आडवा ठेवून रंगवला, दुसरा भिंतीला उभा टेकवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात रायरांच्या निरोपावरून आलेले डॉक्टर, मॅनेजरसाहेब आणि कामावरचे झाडून सगळे जमले. रायरांनी दोन्ही तुकडे उन्हात शेजारी शेजारी धरले. एका डब्यातले दोन निळे. आडवा रंगवलेला तुकडा दाराशी जुळला, उभा रंगवलेला शेजारच्या मडगार्डाशी. मग त्यांनी दोन्ही तिरपे केले आणि उजळ होता तो गडद झाला. आडव्या पत्र्यावर चांदीचा चुरा ओल्या रंगात सपाट निजतो, उभ्यावर तो वाकडातिकडा राहतो, म्हणून ऊन एकावरून सरळ परतते आणि दुसऱ्यावरून विखुरते, हे त्यांनी तमिळमध्ये समजावून सांगितले. डॉक्टर समंजस गृहस्थ. त्यांनी दोन्ही तुकडे स्वतः फिरवून पाहिले आणि कन्नियप्पनकडे वळून म्हणाले, "रंग माझ्याच गाडीचा आहे, माझा शब्द मी मागे घेतो. पण मग दार आडवे का रंगवले?"

मॅनेजरसाहेबांनी रायरांकडे पाहिले. 'आता तरी थांबा' असे ते पाहणे होते. कन्नियप्पनने मान खाली घातली. तो बोलणार नव्हता, मेला तरी.

रायर म्हणाले, "मी सांगितलं म्हणून. आणि एवढंच नाही. गाडीचा बाकीचा पत्रा उभ्यानेच रंगलेला आहे, हे दारही उभंच ठेवू का, असं यानं मला विचारलं होतं. मी याला सगळ्यांदेखत झापलं, शिकवू नकोस म्हणालो. याला कळलं होतं. मला कळलं नव्हतं."

पत्रेखाते शेजारीच असल्याने ते झापणे मीही ऐकले होते. माझ्याखेरीज आणखी दोघातिघांनी. त्यातले कुणीही तोंड उघडले नसते, आणि हे रायरांना पक्के ठाऊक होते. मी तिथून बाजूला झालो.

कन्नियप्पनची नोकरी राहिली. सुपरिंटेंडेंटची जागा मात्र रायरांना मिळाली नाही. गिऱ्हाइकासमोर कारखान्याची चूक कबूल करणारा माणूस मालकांना त्या खुर्चीत नको होता. ती मला देऊ केली गेली. मी तडक त्यांच्या घरी गेलो आणि सांगितले, की मी नाही म्हणणार आहे. रायर झोपाळ्यावर बसून पद्माबाईंनी दिलेली कॉफी निववत होते. "कशाला नाही म्हणतां? तुम्ही नाही म्हणट्लां तर बाहेरचा कोणी आणून बसवतील, आणि त्याला पत्राही कळणार नाही, रंगही कळणार नाही. सरी, बरं, बसां त्या खुर्चीत," ते म्हणाले आणि माझ्यासाठीही कॉफी मागवली. तेव्हापासून मी रंगखात्यात पाऊल टाकले, की ते कामगारांसमोर उठून उभे राहतात. मी कितीदा हात जोडले, पण ऐकत नाहीत.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा कन्नियप्पनला विचारले, रायरांविषयी काय लिहू. तो म्हणाला, "सार, चूक माझी असं ते बोलले, ते सगळ्यांना माहीत आहे. नंतरचं लिहा." नंतरचे असे. काही महिन्यांनी दुसरा डबा आला आणि डॉक्टरांनी गाडी पुन्हा आणली. सगळे खाते भोवती उभे होते. रायरांनी फवाऱ्याची गन कन्नियप्पनच्या हातात दिली आणि तमिळमध्ये विचारले, "सांग बाबा, दार कसं ठेवायचं?" कन्नियप्पनने दार उचलले, गाडीला बसवले आणि पंच्याने डोळे पुसून कामाला लागला. ते दार आज त्या गाडीवर ओळखून दाखवावे, असे माझे सर्वांना आव्हान आहे.

सेतुमाधवरावांची साठी आज पुरी होत आहे. सौ. पद्माबाईंसह त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि मान अशीच ताठ. त्यांच्या वरच्या खुर्चीत बसून इतकी वर्षे मी त्यांच्याच हाताखाली काम केले, याचा मला अभिमान आहे.