एका कान्याचा फरक

माझी मावशी लग्नाआधी फार बडबडी होती, असं आई सांगते. मला आठवते ती मात्र 'हो' म्हणायच्या आधीही क्षणभर थांबणारी बाई.

तिचा नवरा कापड रंगवायच्या कारखान्यात होता. उकळत्या रंगाच्या हौदावर आडवी टाकलेली लाकडी फळी. तिच्यावर उभं राहून तो लांब दांड्याने कापड ढवळायचा. फळी कुजली आहे, हे त्याने महिनाभर सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं. फळ्या बदलणं मुकादमाच्या हातात, आणि मुकादम म्हणजे त्याचाच सख्खा थोरला भाऊ. एका घरात राहणारे, एका चुलीवरचं जेवणारे. "बघू पुढच्या आठवड्यात," एवढंच तो म्हणायचा. एका सकाळी फळी मोडली.

तिसऱ्या दिवशी मावशीला जबानीसाठी कारखान्याच्या कचेरीत बोलावलं. तिथला कारभार मालकांच्या भाषेत चाले. मावशीला ती भाषा भाजी घेण्यापुरती यायची, म्हणून तोच मुकादम दीर सोबत गेला. त्याची सारी नोकरी त्या भाषेत झालेली.

कारकून मोडकंतोडकं आपल्यासारखं बोलत होता. त्याने विचारलं, "कसा गेला?"

"अपघात झाला."

कारकुनाची लेखणी थांबली. "नक्की ना, बाई?"

मावशीचं डोकंच फिरलं. "नक्की म्हणजे? अख्ख्या खात्यादेखत झाला. अपघातच!"

कारकुनाने दिराला स्वतःच्या भाषेत भरभर काहीतरी विचारलं. दीर खाली बघत "हा" म्हणाला. त्यांची लिपी म्हणजे आपल्या लिपीची चुलत बहीण. सही करताना मावशीने अक्षरं लावत तेवढा एक शब्द वाचला. 'आपघात.' हेल काढून बोलतात तसे लिहीतही असतील, असं तिला वाटलं. तिने सही केली.

त्या भाषेत आपघात म्हणजे आत्महत्या.

भरपाई नाकारल्याचा कागद घरी आला तेव्हा शेजाऱ्याने तो मोठ्याने वाचून दाखवला. सासू भिंतीला टेकून ऐकत होती.

"माझ्या लेकाला तू त्या सकाळी काय बोललीस गं?"

"काही नाही हो, सासूबाई! फळी मोडली."

"मग कागदावर तुझ्याच तोंडचं कसं?"

त्या दिवसापासून सासूने तिच्या हातचं पाणी सोडलं. नळावरच्या बायका ती आली की गप्प व्हायच्या. खात्यातल्या माणसांना विचारावं तर प्रत्येक जण त्या वेळी नेमका पाठमोरा होता. दीर मान खाली घालून जेवत राहिला.

मावशी कचेरीत गेली. कारकून वैतागला. "मी दोनदा विचारलं ना? फळी मोडून गेला तर आमच्यात अकस्मात म्हणायचं."

"अकस्मात म्हणजे आमच्यात अचानक."

"मग काय, अचानक नाही गेला?"

बाकीचे कारकून हसले.

मावशीने ती भाषा शिकायची ठरवली. पहिलीच्या पुस्तकापासून, नुकत्याच शाळेत जाऊ लागलेल्या आपल्या मुलीच्या बरोबरीने. चार वर्षांत स्वतः अर्ज लिहू लागली, एकही चूक नसलेले. उत्तर ठरलेलं: अर्जदाराच्या स्वतःच्या जबानीत बदल करता येत नाही.

नवव्या वर्षी तो कारकून निवृत्त झाला आणि त्याने आपणहून तिला बोलावून लेखी दिलं. त्याच्या दारातच तिने ते वाचलं. 'या बाईला नवऱ्याने जीव दिला असंच म्हणायचं आहे का, असं मी सोबतच्या मुकादमाला विचारलं. तो हो म्हणाला.'

घरी येऊन तिने कागद दिराच्या ताटाशेजारी ठेवला. "भाऊजी, तुम्हाला ठाऊक होतं."

त्याने कागद वाचून बाजूला सरकवला. "फळी माझ्या अंगावर आली असती. मला आत टाकलं असतं. मग तुम्हाला कोणी पोसलं असतं?"

"आणि सासूबाई? आठ वर्षं मला शिव्याशाप देत देतच वारल्या. एकदा तरी त्यांच्या कानात सांगायचं होतं."

"आईचा एक मुलगा गेलाच होता," तो म्हणाला. "दुसराही तिच्या मनातून गेला असता."

मावशीने ताट उचललं नाही, आदळलं नाही. मुलीला घेऊन ती त्याच आठवड्यात भाड्याच्या खोलीत राहायला गेली.

कारकुनाच्या त्या कागदाच्या जोरावर पुढे दीड वर्षाने दुरुस्ती मंजूर झाली. शब्द खोडून वर 'अकस्मात' लिहिला, शिक्का मारला. तो कागद घेऊन मावशी जुन्या आळीत गेली आणि नळावर तिच्या माघारी जी सगळ्यांत जास्त बोलायची त्या बाईसमोर तिने तो धरला. बाईने चष्मा लावून कागद उलटासुलटा केला.

"जाऊ दे गं," ती म्हणाली. "झालं ते झालं. आता कशाला उगाळत बसायचं?"