मिठात पायताण

“ए म्हाताऱ्या, पाय धू. असले पाय साहेबांच्या फोटोत नकोत.”

अधिकारी माझ्या बाबाला बोलत होता. त्याचं वय तीसेक, बाबाचं सत्तर. बाबानं मुकाट नळावर जाऊन पाय धुतले. धुऊन काय गोरे होणार होते? चाळीस वर्षं मिठागरात नासलेले पाय ते. भेगांत मीठ जाऊन दगड झालेले.

देशाचे मोठे साहेब उरणला येणार होते, नव्या जेट्टीच्या उद्घाटनाला. मांडवात गावचे धंदे दाखवायचे म्हणून बाबाला नि मला उभं केलं होतं, आणि प्लास्टिक अंथरून त्यावर बाजारातल्या मिठाच्या गोणी ओतल्या होत्या. भाद्रपदात! भर पावसात मीठ पिकतं होय? आमचं खरं मिठागर तर गोदामाखाली गेलेलं. त्याच गोदामात मी झाडू मारते, ठेकेदाराकडं.

पण बाबा खूश होता. ह्या साहेबांवर त्याचा जीव. “लहानपणी मी अनवाणी शाळेत जायचो,” असं साहेब दर भाषणात सांगायचे, आणि बाबा टीव्हीसमोर मान डोलवायचा. “अनवाणी चाललेला माणूस हाय तो. त्याला कळतंय आपलं.” बंदरं वाढली की देश वाढेल, हे साहेबांचं धोरण. मिठागरं जातायत म्हणून गावानं मोर्चा काढला तेव्हा बाबा गेला नाही. आईशी भांडून त्यानं मिठागराच्या कागदावर अंगठा दिला. साहेबांनी मागितलं म्हणून दिलं, म्हणाला.

अधिकाऱ्यानं माझ्या हातात चिठ्ठी कोंबली. साहेब विचारतील पीक कसं आहे. सांगायचं, तुमच्या योजनेनं दुप्पट झालं. “पाठ कर. फुकट रेशन खाता ना? मग खाल्ल्या मिठाला जागा.”

साहेब आले. बूट चकचकीत. सरळ मिठात पाय टाकला.

आमच्यात मिठात पायताण घालून कुणी उतरत नाही. मालक असो नाहीतर व्यापारी, चपला बांधावर. बाबाला राहवलं नाही. हात जोडून म्हणाला, “साहेब, मिठात पायताण न्हाय.”

अधिकारी साहेबांच्या कानाशी कुजबुजला. साहेब हसले. बाबाच्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडं बघितलं. बूट तिथंच. मग मला विचारलं, “फसल कैसी है, बहन?”

बाबा माझ्याकडं बघत होता.

“दुगनी हुई, साहेब. आपकी योजना से.”

बोलले मी. कुणी मानगूट धरली नव्हती. काम जाईल म्हणून बोलले. थू माझ्या जिभेवर!

साहेब गेल्यावर अधिकाऱ्यानं बाबाची मीठ ओढायची फळी चिखलात भिरकावली. घरनं आणलेली, त्याची स्वतःची फळी. “साहेबांना अक्कल शिकवतो. भिकारडा!” बाबा खाली बसून बुटाचे ठसे हातानं सारखे करायला लागला. बाजारातल्या मिठावरचे. माणसं हसत होती. मी त्याला दंडाला धरून उठवलं.

महिन्यात नाक्यावर त्या फोटोचा फलक लागला. साहेब, बाबा, मीठ. बाबाचे पाय कापलेत, साहेबांचे बूट दिसतायत. बाजारात जायला बाबा आता लांबच्या वाटेनं फिरून जातो. टीव्हीवर साहेब आले की उठून बाहेर बसतो.

परवा तोच अधिकारी गोदामात आला. निवडणूक आलीय, साहेब परत येतायत. “तू बरी बोललीस मागच्या वेळी. तूच ये. म्हाताऱ्याला आणू नकोस.” चिठ्ठी पुढं केली.

मी हात मागं घेतला. “आमचं मिठागर ह्या फरशीखाली हाय. तिथं काय दुप्पट पिकलं, ते तूच सांग त्यांना.”

“ठेकेदाराला सांगतो. उद्यापासून कामावर यायचं नाही.”

“न्हाय येत, जा!”

झाडू त्याच्या पायाशी टाकला आणि निघाले.

सभेला मात्र मी जाणार. बिनबोलावता. साहेब विचारोत न विचारोत, माझं खोटं मीच सगळ्यांसमोर मोडणार. हाकललं तर परत जाणार. बाबाही येतोय, फळी घेऊन.

ह्या खेपेला तो पाय धुणार नाही.