हिटरच्या बदल्यात पिचर

प्रधान साहेब गेले. मी रडले नाही.

आमचे हे मात्र सकाळपासून डोळे पुसताहेत. म्हणाले, "बहरीनवाल्यांच्या ग्रुपवर दोन ओळी तूच लिही, मले जमत नाही."

लिहिते.

नव्वदच्या दशकात आम्ही बहरीनला होतो. अस्करजवळच्या एका काँट्रॅक्टर कंपनीत साहेब पर्सोनेल मॅनेजर. आणि कंपनीच्या सॉफ्टबॉल टीमचेही मॅनेजर.

हे अमरावतीचे फिटर. पण व्हिसा मिळाला तो पिचिंगवर, म्हणजे सॉफ्टबॉलमधल्या बॉलिंगवर. इंटरव्ह्यूत साहेबांनी कामाचं जुजबी विचारलं, बाकी सगळं बॉलचं.

शुक्रवारी मॅच झाली की साहेब आमच्याकडे जेवायला.
"वहिनी, तुमच्या झुणक्यावर ही टीम चालते."
मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

लीगमध्ये अमेरिकन टीम होत्या. त्यांच्याकडून साहेब एक शब्द शिकले. ट्रेड. आपला खेळाडू द्यायचा, त्यांचा घ्यायचा.

त्या वर्षी अर्ध्या सीझनलाच आमची टीम मार खात होती. पिचर चांगला, पण रन काढणारा कोणी नाही. मग अफवा सुरू. हा जाणार, तो जाणार. आम्ही बायकाही मैदानाच्या कडेला चहा पीत नावं घ्यायचो. तेवढाच टाइमपास.

अमेरिकन माणूस टीम बदलायचा म्हणजे जर्सी बदलायचा.
आमच्यात टीम कंपनीची. माणूस द्यायचा म्हणजे त्याचा व्हिसाच दुसऱ्या कंपनीवर टाकायचा.

एका शुक्रवारी साहेब जेवले, हात धुतले आणि मग बोलले. अदलियातल्या एका कंपनीकडे जबरदस्त हिटर आहे. तो इकडे येणार, हे तिकडे जाणार.

मी विचारलं, "तिथे फॅमिली व्हिसा देतात का?"
"सध्या बॅचलर स्टेटस आहे, वहिनी. सीझन संपू द्या, परत आणतो. इंशाल्ला."

हे साहेबांना दारापर्यंत सोडून आले.

साहेब गेल्यावर म्हणाले, "त्यायनंच त आणलं मले इथं. नाही कसं म्हणू?"
"अन् मले इचारलं का कोणी?"

खलास. पोरीला घेऊन मी अमरावतीला आले.

बॅगा उघडल्याच नाहीत. सीझन संपला की परत जायचंच होतं ना.

जुनी टीम यांच्या नव्या टीमला हरवून फायनल जिंकली. त्या हिटरने यांच्याच बॉलवर मॅच काढली. फोटो आला, मधोमध ट्रॉफी धरून साहेब.

फोनवर मी यांना विचारलं, "साहेबाशी बोलले का?"
"बोललो. म्हणतात, जिंकणारी टीम कशाले मोडू?"

बॅग शेवटी उघडली तेव्हा पोरीला त्यातला एकही फ्रॉक येईना. तिथल्या शाळेचा युनिफॉर्मही त्यातच होता. मी तो बोहारणीला दिला.

ग्रुपवर सकाळपासून सगळे लिहिताहेत, देवमाणूस होता. असेल बाबा. तुमच्या घरातलं माणूस नव्हतं ना दिलं त्याने.

हे कायमचे परत आले तेव्हा पोरगी कॉलेजात होती. आज ती स्वतः आई आहे. बाप खोलीत आला की अजून उठून उभी राहते, पाहुण्यासाठी उठतात तशी. यांना वाटतं, संस्कार आहेत.

भावपूर्ण श्रद्धांजली यांच्याकडून.

माझ्याकडून एवढंच, साहेब. गेलात, कळलं.