दोन कॅमेरे आणि सोमवार

बातमीदार चार ओळी छापतो आणि चाळीस पोटात ठेवतो. पांढरकवड्यात झेरॉक्सच्या दुकानावरच्या आमच्या खोलीत असे किस्से रद्दीपेक्षा जास्त साठलेत. रद्दी निदान विकता येते.

कापसाचा भाव पडला होता आणि रोज कोणीतरी पाहणीला यायचं. तीन पेपरांचे आम्ही तिघं: मी, गजाननभाऊ आणि निवृत्त मास्तर मेश्राम सर. तिघांत मिळून एक डिजिटल कॅमेरा घ्यायचं ठरलं. कॅमेऱ्यांच्या दुकानदारानं दोन दिले. "वापरून पाहा, सोमवारी एक वापस करा." सोमवारीच दिल्लीचं पथक येणार होतं. त्याआधी एक कॅमेरा ठरायला हवा होता.

चंदेरी कॅमेऱ्याचा झूम मोठा, पण बटन दाबल्यावर तो जरा विचार करून फोटो काढायचा. पुढाऱ्याच्या गळ्यात हार पडताना गजाननभाऊंनी बटन दाबलं आणि फोटोत आली पुढाऱ्याची पाठ. भाऊ म्हणाले, "बरोबर हाय. पाच वर्षं लोकाइले हेच त दिसते."

काळा कॅमेरा झटपट. जिनिंग कारखान्यात कापसाच्या ढिगापुढं हमाल उभा केला, तर कापूस लख्ख आणि हमाल नुसती सावली. स्क्रीन पाहून तो म्हणाला, "कापसाचाच फोटो काढाचा होता त मले काहून उभं केलं?"

मेश्राम सरांनी वहीत रकाने आखून दोन्ही कॅमेऱ्यांना गुण दिले. बेरीज सारखीच आली. सर म्हणाले, "फेरपरीक्षा घ्या."

रविवारी मी वैतागून दोन्ही कॅमेरे घेतले आणि जवळच्या खेड्यात शेवंताबाईंकडे गेलो. कर्जापायी मालक गेल्यापासून त्यांची सरकारी मदत अडलेली, आणि पथकाच्या उद्याच्या भेटीच्या यादीत त्यांचं घर होतं. आजवर कितीकांनी त्यांचे फोटो काढलेले. मी काही बोलायच्या आत त्या उंबऱ्यात बसल्या, पदर पुढं ओढला, हात कपाळाला लावला. मला लाज वाटली, तरी बटन दाबलं.

काळ्यानं लगेच टिपलं. मग चंदेरीचं दाबलं, तो विचारात पडला. फोटो झाला समजून बाईंनी हात खाली घेतला. तेवढ्यात त्यांची शेळी माझी पिशवी चावताना दिसली आणि त्या खळखळून हसल्या. तेव्हा क्लिक झालं.

दोन्ही फोटो त्यांनी निरखून पाहिले. मी विचारलं, "मावशी, कोणता कॅमेरा घेऊ?"

त्यांनी काळ्याकडं बोट दाखवलं. "पेपरात हा छापजा भाऊ. सायेब लोक येऊन राह्यले."

मग चंदेरी हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिल्या.

"अन् हा मले आणून देजा. पन सोमवार होऊन जाऊ द्या."