खोटी तुरटी

वाण्यानं खोटी तुरटी दिली, असं अक्कानं ठरवून टाकलं होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दाजींना कारखान्यात काम लागलं म्हणून ती चिंचवडला आलेली. मी कॉलेज सोडून कामगारांसाठी पत्रकं लिहीत होतो आणि जेवायला तिच्याकडे होतो.

गावाकडच्या सवयीनं ती हंड्यात तुरटी फिरवायची. तुरटीनं गढूळ पाणी निवळतं. इथं उलटं! विहिरीचं नितळ पाणी तुरटी फिरवली की ताकासारखं पांढरं व्हायचं. मग ती हंडा परसात ओतून द्यायची आणि तुरटी न लावलेलं पाणी प्यायची. आळीतल्या सगळ्या बायांचं हेच चाललेलं.

त्याच सुमारास तिच्या हातातली ताकद गेली. लाटणं निसटू लागलं, खाल्लेलं ठरेना. डॉक्टर म्हणाले, वात आहे.

मी दाजींना विचारलं, "कारखान्याच्या भिंतीमागं, विहिरीच्या वरच्या अंगाला, तुम्ही काय टाकता?"

"मीठ."

"कसलं मीठ?"

"भट्टीचं, पावणं. लोखंडाला पाणी द्यायच्या, म्हंजी ते कडक करायच्या भट्टीत वितळवत्यात. खराब झालं की खरवडून भिताडापल्याड. फोरमन बी मीठच म्हन्तो."

मीठ! दाजींनी आणलेल्या रिकाम्या पोत्यावर नाव छापलेलं होतं: बेरियम क्लोराईड. तेही मीठच, शास्त्राच्या भाषेत. पाण्यात साखरेसारखं विरघळतं आणि जमिनीत मुरून विहिरीत उतरतं. रंग नाही, वास नाही, आणि पोटात गेलं की हातपाय लुळे पाडतं. पण त्याला सल्फेट भेटलं की दोघांच्या जोड्या बदलतात. बेरियम क्लोराईडला सोडून सल्फेटला धरतो आणि ही नवी जोडी पाण्यात विरघळतच नाही, पांढरा साका होऊन तळाला बसते. तुरटीत सल्फेट असतं. म्हणजे आमची आळी रोज विष पकडत होती, पकडलेलं परसात ओतत होती आणि मोकळं सुटलेलं पीत होती. स्वराज्यात हे चाललंय आणि कारखानदाराला कोणी हटकत नाही!

मी पत्रक काढलं. मथळा ठळक: 'तुमच्या विहिरीत विष विरघळले आहे!' एका म्हातारीनं ते नातवाकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "इरघाळलं न्हवं? मग गेलं की. कशाला वरडतोस?"

मग विहिरीवरच सगळ्यांना जमवलं. एका पेल्यात विहिरीचं पाणी. दुसऱ्यात जुलाबाचं मीठ विरघळवलेलं स्वच्छ पाणी, कारण त्यातही सल्फेट असतं. दोन्ही नितळ. एकात दुसरं ओतलं, क्षणात दुधाळ झालं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत यावर मला शाबासकी मिळाली होती.

"आगं बया!" म्हातारी ओरडली. "चांगलं पानी नासवलं की ह्यानं!"

फोरमन भिंतीपाशी उभा होता. त्यानं आवाजही चढवला नाही. "आमचं मीठ तुम्हाला ह्या पाण्यात दिसतंय का, बाई? नाही ना? आणि हे पांढरं कोणी केलं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी साक्याबद्दल बोललो, जोड्यांबद्दल बोललो. जितकं बोललो तितक्या बाया हंडे घेऊन मागं सरकल्या. दाजी खाली मान घालून म्हणाले, "पुरं करा आता. माझी नोकरी हाय तिथं." त्या दिवसापासून मी विहिरीकडे वळलो की, हा पाण्यात काही टाकेल म्हणून, कोणीतरी रहाटापाशी येऊन उभं राहायचं. तुरटी तर आळीतून हद्दपारच झाली.

मग मी पवना नदीवरून पाणी आणू लागलो. ते गढूळ. निवळायला तुरटी हवी, आणि अक्का तुरटी घरात येऊ देईना. ती भिंतीला टेकून बसलेली. मी पेला पुढं केला, तिनं आत डोकावलं.

"ह्यात चिखल हाय रे. ते विहिरीचं दे."

"ते नाही देणार."

शेजारणीनं विहिरीचं पाणी भरून ठेवलेल्या तांब्याकडे तिनं स्वतः हात नेला. बोटं कडेवर टेकली, पण तांब्या उचलेना. माझ्याकडे एकदा बघून तिनं शेजारणीला हाक मारली. शेजारीण हात पुसत आली, मला म्हणाली, "सख्खी भन हाय, पानी तरी पाज की, भावा," आणि तिनं तांब्या अक्काच्या ओठांना लावला. मी शेजारणीचा हात धरला. तिनं तो झटकला. अक्का डोळे मिटून पीत राहिली.