चौथ्या वस्तीपर्यंतचा पाइप

नकाशावरची पाइपची निळी रेघ तिसऱ्या वस्तीपाशी थांबली होती. तिच्या खाली, ओढ्यापलीकडे, चौथी वस्ती होती, वीसेक घरांची. तिच्याभोवती कुणीतरी पेन्सिलनं गोल काढला होता आणि शेजारी लिहिलं होतं, ‘पुढचा टप्पा’. ते दोन शब्द वाचले आणि माझं डोकं सणकलं.

आम्ही सहा इंजिनिअर दर रविवारी सकाळी जालना एमआयडीसीत, आमच्यातल्याच एकाच्या वर्कशॉपमध्ये जमायचो. आफ्रिकेतल्या मलावी देशात, डोंगराळ भागातल्या चार वस्त्यांसाठी पाण्याची योजना आखायचं काम आम्ही हौसेनं, विनामोबदला घेतलं होतं. डोंगरात झरा होता. तिथून उतारानंच पाणी खाली आणायचं, पंप नको, वीज नको. आमचे प्रमुख पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले बडे अधिकारी होते. त्यांना आम्ही साहेबच म्हणायचो. मी पॉलिटेक्निकला शिकवते. त्या टेबलाभोवती बाई मी एकटीच.

“चौथी वस्ती का सोडली?” मी विचारलं.

“झऱ्याला तेवढं पाणी नाही,” साहेब म्हणाले. “आणि ते लोक तिसऱ्या वस्तीत येऊन भरतील की. दहा मिनिटांचं तर अंतर आहे.”

“तिसऱ्या वस्तीतले भरू देतील?”

“का नाही देणार?” साहेबांना खरंच नवल वाटलं होतं. मला राग आला तो त्या नवलाचा.

राजूरपासून जवळच माझं गाव. आमचा बौद्धवाडा गावाच्या शेवटाला, आणि नळाचा पाइपही तिथंच संपायचा. नळ आम्हालाही दिला होता, कागदावर कुणी नावं ठेवू शकलं नसतं. पण वरच्या गल्ल्यांमध्ये सगळ्यांचं भरून होईपर्यंत आमच्या नळातून नुसती हवा यायची, खोकला झाल्यासारखी. मग आई कळशी घेऊन वर जायची. “थांब बाई, आमचं होऊ दे.” ती थांबायची. कुणी शिवी दिली नाही की हाकललं नाही, फक्त थांबवलं. माझी दहावी होईपर्यंत मी तिच्या शेजारी उभी राहिले आहे. ते अंतरसुद्धा दहाच मिनिटांचं होतं.

हे मी त्या रविवारी थोडक्यात सांगितलं. रोलिंग मिलमध्ये काम करणारे एक जण चहा ढवळत म्हणाले, “मॅडम, तुम्ही हरेक गोष्टीत तेच आणून राह्यल्या. तिथं आपल्यासारखं काही न्हाई.”

“तेच म्हणजे काय?”

ते चहा ढवळतच राहिले. साखर कधीच विरघळली होती.

“भावनेवर पाइपलाइन टाकता येत नाही,” साहेब म्हणाले.

“बराबर आहे. मंग आकड्यांवर बोलू,” म्हणत मी फाइल उचलली आणि घरी घेऊन आले.

दोन दिवसांत सगळं बाहेर आलं. पाणी कमी नव्हतंच, वाटणी तशी केली होती. पहिल्या वस्तीला गरजेच्या दुप्पट पाणी धरलं होतं. तिथल्या पाणी समितीचा प्रमुख त्याच वस्तीत राहत होता, आणि आमच्याशी बोलायचा तो एकटाच. चौथ्या वस्तीतल्या एकाही माणसाशी आमच्यातलं कुणी बोललेलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तो राग माझा माझ्यावरही होता.

तिथल्या शाळेत एक मास्तर होते, इंग्रजी जाणणारे. त्यांना मी विनंती केली, फोन घेऊन ओढ्यापलीकडे जा. ते गेले. पडद्यावर माझ्याच वयाची एक बाई आली, शेतातून आलेली, हाताला माती. मास्तर आमचं बोलणं एकमेकींना सांगत होते.

“मोजणीला समितीचं कुणी तुमच्याकडे आलं होतं?”

“आले होते. ओढ्याच्या पलीकडूनच फोटो काढून गेले.”

“वरच्या वस्तीत पाणी भरू देतील तुम्हाला?”

तिनं मास्तरांकडे बघितलं. “हे विचारायला इतक्या लांबून फोन केला?” मग म्हणाली, “देतील. त्यांचं झाल्यावर.”

मी तिच्या वस्तीतली घरं आणि माणसं किती ते विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी मी नवा नकाशा टेबलावर पसरला. पाइप मी खालून आखला होता. आधी चौथ्या वस्तीचं पाणी धरलं, मग वर वर गेले. वरच्या नळांमध्ये बारीक भोकाची चकती बसवायची, म्हणजे कुणी दिवसभर नळ सोडून ठेवला तरी वाट्यापेक्षा जास्त पाणी येणार नाही. मिलवाल्यांनी माझं गणित ओढून घेतलं. अर्धा तास तपासलं. “बिलकुल बराबर आहे,” ते म्हणाले, माझ्याकडे न बघता.

“वरचे लोक नाराज होतील,” साहेब म्हणाले.

“होऊ द्या! साहेब, नोकरीत किती नकाशांवर तुम्ही ‘पुढचा टप्पा’ लिहिलंत? त्यातला एक तरी आला का?”

माझा आवाज चढला होता. बाहेरची लेथ मशीनसुद्धा बंद झाली, कामगार आत डोकावले. साहेब लालबुंद झाले. म्हणाले, “हिशोब ठेवला नाही कधी.” आणि नव्या नकाशावर सही केली.

पुढच्या वर्षी चौथ्या वस्तीत पाणी पोचलं. जालन्यात आमचा सत्कार झाला. स्टेजवर साहेब म्हणाले, “शेवटच्या माणसापासून सुरुवात करायची, हे आमचं पहिल्यापासूनचं धोरण.” टाळ्या पडल्या. मी शाल न घेताच खाली उतरले. जिन्यात त्यांना गाठून विचारलं, “पहिल्यापासून?”

“अहो, कार्यक्रमात असं बोलावं लागतं.”

तरी मी ग्रुप सोडला नाही. आता दुसऱ्या देशातल्या गावांचं काम आलं आहे. रागानं उठून गेले असते तर पेन्सिल पुन्हा त्यांच्याच हातात राहिली असती.

गेल्या महिन्यात मास्तरांचा मेसेज आला. पहिल्या वस्तीतल्यांनी नळांमधल्या चकत्या काढून टाकल्या होत्या. चौथ्या वस्तीतल्या बायका डोंगर चढून गेल्या, स्वतःच्या हातांनी चकत्या परत बसवल्या आणि संध्याकाळपर्यंत नळांपाशी बसून राहिल्या. मी तो मेसेज ग्रुपवर टाकला. साहेबांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, मागोमाग इतरांनीही.

मी लिहिलं, “हात जोडू नका. पुढच्या ड्रॉइंगमध्ये चकतीला कुलूप दाखवा.”